लॅक्स्टनची शिवारफेरी

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गव्हाच्या काडाचे भारे टाकले होते आणि त्यांवर आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. लहानपणी लग्नाच्या वऱ्हाडात असाच बसायचो. फरक इतकाच, की या वऱ्हाडात सगळ्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट होते, एकाच्या मांडीवर लाकडी मोगरी होती आणि माझ्या पायाशी टोकं काढलेल्या मेखांची जुडी होती. ट्रॉली वाकडीतिकडी होत शिवारात शिरली तशी माझ्या शेजारचे म्हातारे मेखांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमच्याकडे हे काम कोण करतं?"

मी म्हटलं, "मी."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण ते खरं होतं. मी चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा हातात साखळी आणि प्लेन टेबल होतं, निवृत्त झालो तेव्हा तिपाईवर इटीएस मशीन आलं होतं. पुतणी नॉटिंगहॅमला नोकरीला असते. तिनं विमानाचं तिकीट पाठवलं आणि विचारलं, "काका, आधी लंडन पाहायचं की स्कॉटलंड?" मी म्हटलं, आधी लॅक्स्टन. तिनं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. तिच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या आत असूनही.

मला ते नाव नोकरीच्या पहिल्या वर्षांपासून माहीत होतं. आमच्या एका जुन्या साहेबांनी सांगितलं होतं, की इंग्लंडात एक गाव असं आहे, जिथं अजून मध्ययुगातल्यासारखी उघड्या शिवारात, पट्ट्यापट्ट्यांनी शेती होते. पट्ट्यांमध्ये कुंपण नाही, बांधही नाही, आणि तरी हद्दीवरून डोकी फुटत नाहीत. "हे एकदा पाहून ये," ते म्हणाले होते. तेव्हा मला पासपोर्ट म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं.

नॉटिंगहॅमहून उत्तरेला निघालं की हायवे संपेपर्यंत इंग्लंड सगळीकडे सारखंच दिसतं. हिरवी कुरणं आणि त्यांभोवती झुडपांची दाट कुंपणं. ही कुंपणं आपल्याला चित्रांतून इतकी ओळखीची झाली आहेत, की इंग्लंड मुळातच असं असेल असं वाटतं. तसं नाही. यातली बरीच कुंपणं गेल्या तीन-चारशे वर्षांतली आहेत. त्याआधी देशाच्या मध्यभागातल्या असंख्य गावांचं शिवार मोकळं होतं. मग जमीनदारांनी एकेक गावासाठी पार्लमेंटाकडून कायदा करून घेतला, सरमिसळ पट्ट्या मोडल्या, एकठोक तुकडे पाडले आणि त्यांना कुंपणं घातली. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी अधिक, कुंपणात गेली. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना तुकडा मिळाला. ज्यांची गाय केवळ रिवाजानं गावच्या गवतावर चरत होती, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या हाती काही लागलं नाही.

लॅक्स्टन यातून सुटलं. पूर्ण नाही, पण मुद्द्यापुरतं सुटलं.

गावात शिरल्यावर पुतणी म्हणाली, "इतर गावांपेक्षा काय वेगळं आहे? मला तर सगळी सारखीच दिसतात." मी तिला घरं बघायला सांगितलं. इंग्लंडात इतरत्र बऱ्याचदा शेतकऱ्याचं घर त्याच्या शेताच्या मधोमध असतं आणि शेजारी अर्ध्या मैलावर. इथं लाल विटांची, कौलारू शेतकरीघरं रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाला एक लागून उभी आहेत. बऱ्याच घरांची रस्त्याकडे बगल, दार अंगणात, मागं गोठे आणि कोठारं. शेत मात्र एकाच्याही दारात नाही. ते सगळं गावाबाहेर. आपल्याकडे जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगायची, पांढरी आणि काळी. पांढरीत माणसं राहायची, काळीत पिकं यायची. लॅक्स्टनच्या रस्त्यावर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की हे दोन शब्द इंग्रजाला समजावून सांगायची गरज पडणार नाही.

असं गाव का वसतं, याचं कारण सरळ आहे. शिवार तीन मोठ्या भागांत वाटलेलं आहे: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्हींत विखुरलेल्या. एका भागात यंदा गहू, दुसऱ्यात उन्हाळी पेऱ्याचं पीक, तिसरा पड. पुढच्या वर्षी पाळी फिरते. पड म्हणजे पूर्वी निखळ पड असायची, गावची जनावरं तिथं चरायची. आता त्या वर्षी चाऱ्याचं पीक घेऊ देतात. ज्याची जमीन तीन दिशांना पसरली आहे त्यानं कुठल्याही एका पट्टीत घर बांधून काय करायचं? म्हणून सगळे मध्ये राहतात. आणि ज्याची पट्टी शेजाऱ्याच्या पट्टीला लागून आहे त्याला शेजाऱ्याच्याच हंगामात पेरावं लागतं आणि त्याच्याच हंगामात कापावं लागतं. इथं शेजारधर्म पाळायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. पिकाची पाळीच ते ठरवते.

सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नीनं १९३८ साली लॅक्स्टनवर एक मोठा ग्रंथ लिहिला. पट्ट्या का पडल्या याचं त्यांचं उत्तर नांगराशी जाऊन थांबतं. इथली माती भारी, चिकट. तिला लाकडी अवजड नांगर लागायचा आणि त्याला बैलांच्या अनेक जोड्या. एका घराकडे इतके बैल कुठले असणार? मग चार घरं बैल एकत्र करायची आणि आज तुझी पट्टी, उद्या माझी, अशी नांगरट चालायची. दिवसभरात जेवढं नांगरून होईल तेवढी एक पट्टी. हे वाचताना मला हसू आलं होतं. आमच्या इंदापूरकडे काळ्या मातीत आठबैली नांगर चालायचा तेव्हा हेच होतं, आणि त्याला आम्ही वारंगुळा म्हणायचो. शेजाऱ्याची नांगरट उरकायला गाव जमलं तर इर्जिक. ऑक्सफर्डच्या विद्वानांना जे शोधून काढावं लागलं ते माझ्या आजोबांनी दोन शब्दांत सांगितलं असतं.

पण एक गोष्ट आजोबांनाही माहीत नव्हती आणि चौतीस वर्षं ती माझ्या हातात असून मलाही तिचं मूळ कधी डोळ्यांनी दिसलं नव्हतं. फर्लांग हा आपला जुन्या अंतराचा शब्द. "गाव फर्लांगभर राहिलं" असं आपण अजून म्हणतो. त्याचा मूळ अर्थ तासाची लांबी. बैल दम खाण्याआधी एका ओढीत जेवढं लांब तास काढतील तेवढं, २२० यार्ड. आणि एकर म्हणजे ढोबळमानानं एका नांगराचं एका दिवसाचं काम: एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद. हे २२ यार्ड १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर या गणितज्ञानं साखळीत बसवले. ती ६६ फुटांची साखळी. आमच्या खात्यात चालायची ती ३३ फुटांची शंकूसाखळी तिच्या निम्मी. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. दुसरं उदाहरण हवं असेल तर क्रिकेटची खेळपट्टी घ्या. तीही बरोबर २२ यार्ड, एक पुरी साखळी. सचिन तेंडुलकर ज्या लांबीवर आयुष्यभर धावला ती इंग्लंडच्या शिवारातल्या एका पट्टीची रुंदी आहे, हे मी पुतणीला सांगितलं, तेव्हा कुठं तिनं फोनमधून डोकं वर काढलं.

माझ्या तालुक्याचंही या मातीशी थोडं देणं-घेणं आहे. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी इंदापुरातच नव्या पद्धतीची पाहणी बसवली आणि पुढं मुंबई इलाख्याची जमीन महसुलाची घडी त्यावर घातली गेली. एकर तेव्हापासून आमच्या कागदांत मुरला. इथं मात्र तो मला बुटाखाली चिकटलेला सापडला.

ट्रॉली थांबली. यंदा गव्हाचा भाग होता त्याच्या कडेला आम्ही उतरलो. चार बोटं उंचीचा हिरवा गहू, त्यात ठिकठिकाणी पाणी साचलेलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही कुंपण नाही. डोळ्याला सवय नसल्यानं ते शेत नुसतं मोठं दिसतं. मग हळूहळू पट्ट्या उमटतात. एकाचा गहू दाट, शेजारचा विरळ. एकाची पेरणी आठवडाभर आधीची. मध्ये बांध नसला तरी ज्याच्या त्याच्या हाताचं वळण ओळखू येतं.

ट्रॉलीतून उतरलेल्यांतल्या बारा जणांना ज्यूरी म्हणतात. आधीच्या वर्षीच्या सभेत त्यांना शपथ दिलेली असते. त्यांचं काम एकच: गव्हाचा भाग पायी फिरून बघायचा. कुणी नांगर गवताच्या रस्त्यात घातला का, कुणी साइक खाल्लं का, चर साफ आहेत का. साइक म्हणजे शिवारातल्या उताराच्या, पाणथळ गवताळ पट्ट्या. तिथं नांगर चालवायचा नाही. दर उन्हाळ्यात तिथल्या गवताचा लिलाव होतो. गहू पाळीनं फिरत असल्यामुळे तीन वर्षांत तिन्ही भाग ज्यूरीच्या पायाखालून जातात.

मी माझ्या कामाची पद्धत आठवत त्यांच्याबरोबर चालू लागलो. आमच्याकडे आधी नकाशा उघडतो, मग शेत बघतो. इथं उलटं होतं. एक जण कोपऱ्यावर उभा राहिला, दुसरा पलीकडच्या कोपऱ्यावर. तिसऱ्यानं डोळा बारीक करून रेघ धरली. "थोडं डावीकडं. अजून. हां." मोगरीचे चार ठोके आणि मेख आत. कुणी खिशातून कागद काढला नाही. मोजपट्टी क्वचित. वाद होईल असं वाटलं तिथं दोघा म्हाताऱ्यांनी जुन्या मेखेचं कुजलेलं बूड बुटाच्या टाचेनं उकरून दाखवलं. जिल्ह्याच्या नकाशात जे नसतं ते या टाचेत होतं.

मग एका ठिकाणी सगळे थांबले. एका पट्टीचा नांगर गवताच्या रस्त्यात शिरला होता. फार नाही, दीड हात. काही वेळ कुणी बोललं नाही. मग एक तरुण शेतकरी पुढं आला आणि म्हणाला, "माझीच. वळताना गेला." तो स्वतः ज्यूरीतच होता. सगळे हसले. फोरमननं वहीत नोंद केली, मेख जिथं हवी तिथं ठोकली गेली, आणि ट्रॉली पुढं निघाली. मी घड्याळ पाहिलं. सगळा प्रकार सहा मिनिटांत संपला होता.

दुपारी डव्हकोट इनमध्ये जेवण होतं. गावचा हा एकुलता पब. ज्यूरीचं जेवणही इथंच होतं आणि न्यायसभाही इथंच भरते. बुटांचा चिखल दाराशी, आत भाजलेलं मांस, बटाटे, आणि माझ्यासाठी कुणीतरी न सांगता आणलेलं भाज्यांचं सूप. सकाळचे म्हातारे माझ्यासमोर बसले. त्यांचं निम्मं आयुष्य ज्यूरीत गेलं होतं. मी त्यांना माझं काम नीट समजावून सांगितलं आणि मग न राहवून घरचीही एक गोष्ट सांगितली. आमचा आणि चुलतभाऊ अण्णाचा एक बांध आहे. आजोबांची जमीन वाटली गेली तेव्हा दोन्ही बाजूंनी सरळ होता. मग तो थोडा इकडे सरकला की तिकडे, यावर दोन घरं बोलेनाशी झाली. बावीस वर्षं झाली. तालुक्याला गेलं, जिल्ह्याला गेलं.

"किती सरकला?"

"दीड हात."

त्यांनी तरुणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि निकाल कोण देणार? त्यांनी शेत पाहिलंय?"

मी म्हटलं, "नकाशा पाहिलाय."

ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली आणि बटाट्याची ताटली माझ्याकडे सरकवली.

या गावालाही नकाशा नाही असं नाही. उलट जगातल्या उत्तम शेतकी नकाशांत गणना व्हावी असा नकाशा या गावाचा आहे. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं लॅक्स्टनची एकन् एक पट्टी मोजून मोठा रंगीत नकाशा काढला. सोबत कोणाची कुठली पट्टी, किती, याची वही. तो आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पुतणीनं मोबाईलवर मोठा करून दाखवला तेव्हा मी दहा मिनिटं काही बोललो नाही. पट्ट्यांच्या मध्ये त्यानं माणसं काढली आहेत: नांगर धरणारा, कापणी करणारे, शिकारीमागं धावणारे कुत्रे. आमच्या टिपणांत हद्दीच्या खुणा असतात, विहिरी असतात, झाडं असतात. औत धरलेला माणूस काढावा असं आम्हाला कधी सुचलं नाही.

हा नकाशा काढवून घेतला सर विल्यम कोर्टीननं. तो लंडनचा बडा व्यापारी, राजाला कर्ज देणारा. लॅक्स्टन त्यानं गुंतवणूक म्हणून घेतलं होतं. आपण नक्की काय विकत घेतलंय ते कळावं म्हणून मोजणीदार पाठवला. आणि त्याच १६३५ साली त्यानं चार्ल्स राजाकडून आणखी एक परवाना मिळवला: ईस्ट इंडिया कंपनीला डावलून हिंदुस्थानाशी व्यापार करण्याचा. पुढल्या एप्रिलात त्याची जहाजं निघाली आणि ऑक्टोबरात गोव्याला लागली. कोर्टीन तोवर वारला होता. पण त्याच्या मंडळींनी पुढं भटकळ, कारवार आणि आपल्या राजापूरला वखारी घातल्या. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची जी वखार लुटली ती कंपनीची. कोर्टीनची त्याआधीची. ज्या वर्षी लॅक्स्टनच्या पट्ट्या रंगवल्या जात होत्या त्या वर्षी महाराज पाच वर्षांचे होते. एकाच मालकानं एका हातानं हे शिवार कागदावर आणलं आणि दुसऱ्या हातानं कोकण किनारा नकाशात धुंडाळला. त्याचं स्वतःचं पाऊल तिथं पडो न पडो, हिशेब चोख हवा होता. मोजणी हा माझा धंदा असल्यानं हे मला जरा टोचलं. आम्ही मोजणीदार नेहमी कुणातरी गैरहजर माणसासाठी मोजत असतो.

मग प्रश्न उरतो, की बाकी इंग्लंड कुंपणात गेलं आणि हेच कसं वाचलं? गावच्या लोकांना जुन्याची हौस होती म्हणून, असं उत्तर द्यायला छान वाटतं. ते खरं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथंही कुंपणाचे बेत झाले. पण जमीन एकाच्या हाती नव्हती. मोठा वाटा पिअरपाँट घराण्याचा, म्हणजे पुढच्या अर्ल मॅनव्हर्सचा. दुसरा मोठा वाटा अर्ल ऑफ स्कारबरोच्या घराण्याचा. शिवाय छोटे स्वतंत्र मालक. एकमत होईना, खर्च परवडेना, बेत बारगळले. थोडक्यात, भाऊबंदकीनं गाव वाचवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सच्या इस्टेटीनं पट्ट्यांचं एकत्रीकरण केलं, म्हणजे त्या कमी आणि रुंद झाल्या. १९५२ साली सहाव्या अर्लनं गाव शेतकी मंत्रालयाला विकलं ते ही पद्धत टिकावी म्हणूनच. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे आलं आणि २०२० मध्ये पुन्हा मॅनव्हर्सच्या वारसांच्या थोर्सबी इस्टेटकडे गेलं. आजचे शेतकरी बहुतेक कुळं आहेत. केवळ या पट्ट्यांवर कुणाचं घर चालत नाही. कुंपणातली दुसरी जमीन असते, तिच्यावर हिशेब बसतो.

आणि जुनं ते सगळं सोनं होतं असंही नव्हे. ज्याच्याकडे पट्टी, त्यालाच ज्यूरीत जागा. राबणाऱ्या मजुराला मेख ठोकण्याचा अधिकार नव्हता. आपल्याकडेही गोतसभा बसायची, महजर व्हायचा. शिवेचा वाद निघाला की महार वतनदाराची साक्ष शेवटची मानली जायची, कारण शीव त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नसायची. ज्याच्या शब्दानं गावाची शीव ठरायची त्याला गावानं मात्र वेशीबाहेर ठेवलं होतं. उघड्या शिवाराचं गुणगान करताना ही गोष्ट मी विसरायला तयार नाही.

आपल्याकडे पट्ट्यांचं पुढं काय झालं हे तर माझ्याच कागदांत आहे. १९१७ साली पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची बारकाईनं केलेली पाहणी प्रसिद्ध केली आणि जमिनीचे इतके तुकडे होणं हाच शेतीचा रोग असल्याचं लिहिलं. १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. मी स्वतः कित्येक गावांत गटाच्या हद्दी दाखवल्या. मान यांचं पिंपळे सौदागर आता टोलेजंग इमारतींनी भरलं आहे. तिथली जमीन गुंठ्यावर नाही, चौरस फुटावर विकली जाते. एका इंग्रजानं आमचं गाव पाहून तुकड्यांना रोग म्हटलं, आणि शंभर वर्षांनी मी त्याच्या देशात येऊन तोच रोग दंड-बैठका मारत जगलेला पाहिला. दोघांचंही खरं असू शकतं. तुकडे तिथंही होते, इथंही होते. फरक आहे तो वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून ते पाहायला जाण्याचा.

पुढच्या गुरुवारी मी पुतणीला पुन्हा गाडी काढायला लावली. त्याच पबात न्यायसभा होती, कोर्ट लीट. गढीवरच्या मालकाच्या वतीनं स्टुअर्ड बसतो. तो वकील असतो. बेलिफ असतो, नव्या वर्षाची ज्यूरी शपथ घेते, जुन्या ज्यूरीचा अहवाल वाचला जातो. अशा सभा एके काळी इंग्लंडभर होत्या. १९७७ च्या कायद्यानं त्यांचे उरलेसुरले न्यायाधिकार काढून घेतले, फक्त लॅक्स्टनला अपवाद ठेवला. म्हणजे चिखल झटकून आत आलेली ही माणसं दंड ठोठावतात तो नाटकातला नसतो.

तरुणाला दंड झाला. काही पौंड. त्यानं तिथल्या तिथं नोट ठेवली आणि कुणीतरी म्हणालं, पुढच्या वर्षी ट्रॅक्टरला लगाम घाल. त्याआधी हजेरी झाली होती. ज्यांची ज्यांची या शिवारात जमीन, त्यांची नावं एकेक करून पुकारली गेली. जो आला नव्हता त्याला दंड. तोही नाममात्र, काही पेन्सचा. पैशाला किंमत नव्हती. पण नाव मोठ्यानं पुकारलं जातं आणि पुढं शांतता पसरते, ती सगळ्यांना ऐकू येते.

बाहेर पडलो तेव्हा चार वाजायचे होते आणि अंधार पडत होता. जाताना कोंडवाडा पाहिला. विटांच्या चार भिंती, मोकाट जनावर धरून ठेवायला. त्याचा राखणदारही सभेतच नेमला जातो. आमच्या गावात शाळेजवळ असाच कोंडवाडा होता. त्याच्या दगडांचं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. चर्चमध्ये डोकावलो. एव्हरिंगहॅम घराण्याच्या दगडी मूर्ती उताण्या, शांत पडलेल्या, आणि त्यांच्यात एक बाई लाकडाची, ओकची. सहाशेहून जास्त वर्षांची. लाकूड इतकं टिकतं, ही गोष्ट मी मेखेच्या कुजलेल्या बुडाशी ताडून पाहिली. चर्चमधली बाई टिकली कारण तिला कुणी हात लावला नाही. शिवारातली मेख टिकली कारण ती दर तीन वर्षांनी नवी ठोकली.

गाडीत पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांचे बांध मोजले. आपला कुणी मोजला?"

आपला मोजला होता. बारा वर्षांपूर्वी. मोजणीच्या पंचनाम्यात शेवटी एक रकाना असतो, लगतच्या कब्जेदारांपैकी हजर कोण, गैरहजर कोण. हजारो पंचनामे मी लिहिले आणि त्यातले निम्मे तरी "नोटीस बजावूनही गैरहजर" असे होते. त्या दिवशीच्या आमच्या पंचनाम्यात अण्णाच्या नावापुढं हजर आहे. माझ्या नावापुढं वकिलाची सही आहे. मी पुण्यात होतो. रजा शिल्लक होती. अण्णाचं तोंड पाहायचं नव्हतं म्हणून गेलो नाही.

परत आल्यावर तीन दिवस फोन हातात घेऊन ठेवत होतो. चौथ्या दिवशी लावला. म्हटलं, अण्णा, मृग लागायच्या आत एकदा बांधावर ये. दोघं मिळून बघू. मोजायला नाही, नुसतं बघायला.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग अण्णा म्हणाला, "एकटा येतोस, का वकील घेऊन?"